लेटेक्सच्या मुखवट्यासाठी साच्याला तेल लावू नका
प्लास्टर ऑफ पॅरिसच्या साच्यात लेटेक्सचा (पातळ, द्रवरूप रबराचा) थर बसतो तो प्लास्टर त्यातलं पाणी शोषून घेतं म्हणून. आत तेल किंवा व्हॅसलीन फासलं की छिद्रं बुजतात, थर पातळ राहतो आणि जागोजागी फाटतो. साचा पूर्ण वाळलेला हवा. गालाला लावून गार लागला तर आत ओल आहे. वाळवायची घाई असली तरी ओव्हनचा कडक ताप देऊ नका, प्लास्टर भुसभुशीत होतं.

लेटेक्स ओतण्याआधी गाळून घ्या. नाकपुड्या, ओठांच्या कडा, सुरकुत्या यांत पहिला हात ब्रशनेच द्या, कारण बुडबुडे नेमके तिथेच अडकतात. (ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवा, नाहीतर केस कायमचे चिकटतील.) मग साच्याच्या कडेवरून बारीक धारेने काठोकाठ भरा. पातळी खाली जाईल तशी भर घालत राहा. साधारण तासाभराने काठाशी जाडी पाहा; 2 ते 3 मिलिमीटर झाली की उरलेलं लेटेक्स परत डब्यात ओता. साचा पालथा ठेवून निथळू द्या, नंतर किमान एक दिवस वाळवा.

काढताना आतून भरपूर टाल्कम पावडर लावा आणि सुटेल तसतशी आणखी लावत जा. ताजं लेटेक्स स्वतःलाच चिकटलं की सोडवता येत नाही. मुखवटा वाळताना थोडा आकसतो, म्हणून ज्यावरून साचा घेता ते मूळ मातीकाम डोक्यापेक्षा जरा मोठंच करा.

लेटेक्समध्ये अमोनिया असतो, खिडक्या उघड्या ठेवा. रबराची अ‍ॅलर्जी असलेल्याने हा मुखवटा घालूच नये.