अल्पाका आणि इतर नैसर्गिक तंतू: निवड आणि निगा

लोकर टोचते म्हणून ती अजिबात न वापरणारे पुष्कळ लोक असतात. परंतु टोचण्याचे कारण बहुतेक वेळा तंतूच्या जाडीत असते. तंतू सुमारे ३० मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असला की त्याचे टोक कातडीला लागल्यावर वाकत नाही, रुतते. म्हणून कपडा घेताना तो तळहाताने चाचपून भागत नाही, कारण तिथली कातडी राठ असते. मानेला किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला तो थोडा वेळ दाबून धरावा.

अल्पाका हा अँडीज पर्वतराजीत, मुख्यतः पेरूमध्ये, हजारो वर्षे पाळला जाणारा प्राणी आहे. हुआकाया जातीची लोकर दाट व कुरळी असते, तर सुरी जातीच्या लांब, चमकदार बटा खाली लोंबतात. ‘बेबी अल्पाका’ हे नाव बारीक तंतूच्या प्रतीला दिलेले आहे. ती लोकर पिलांचीच असते असे नाही. मेंढीच्या लोकरीपेक्षा या तंतूवरचे खवले कमी उठावाचे असल्यामुळे तो हाताला गुळगुळीत लागतो, त्यात लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतला मेणासारखा स्निग्ध पदार्थ) अत्यल्प असते, आणि अनेक तंतूंच्या गाभ्यातील पोकळ्यांत हवा साठत असल्याने कपडा हलका असूनही चांगली ऊब देतो. पांढऱ्यापासून तपकिरी, करड्या आणि काळ्यापर्यंत छटा मुळातच मिळत असल्याने रंग न दिलेला कपडाही निवडता येतो.

मात्र या तंतूला मेंढीच्या लोकरीसारखी लवचीकता नसते, त्यामुळे जड स्वेटर स्वतःच्या वजनाने लांबत जातो. माझ्या मते अल्पाकाची पहिली वस्तू शाल किंवा गळपट्टा असावी. स्वेटरच हवा असेल, तर मेंढीच्या लोकरीचे मिश्रण आणि घट्ट वीण पाहावी.

रोज धुवायच्या कपड्यांसाठी सूत आणि लिनन उत्तम, कारण हे दोन्ही तंतू ओले झाल्यावर अधिक मजबूत होतात. लोकर आणि रेशीम ओलेपणी कमकुवत होतात, म्हणून त्यांना हळुवारपणे हाताळावे लागते. लोकरीचा कपडा थंड पाण्यात, प्रथिने विरघळवणारी एन्झाइम नसलेल्या सौम्य साबणाने धुवावा. चोळू नये, कारण उष्णता आणि घर्षणाने खवले एकमेकांत अडकून कपडा आटतो व नमद्यासारखा घट्ट होतो. पाण्यातून काढताना तो दोन्ही हातांवर तोलून उचलावा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा आणि सपाट जागी सावलीत पसरावा. दांडीवर टाकल्यास बाह्या लोंबतात.

कसरीच्या अळ्या लोकरीतील केराटिन हे प्रथिन खातात आणि घामाचे किंवा अन्नाचे डाग असलेला भाग त्यांना विशेष आवडतो. त्यामुळे हंगाम संपल्यावर, एकदाच घातलेला असला तरी, कपडा धुऊन पूर्ण वाळवावा, घडी करून घट्ट बंद होणाऱ्या पेटीत ठेवावा, आणि अधूनमधून घड्या उलगडून शिवणी व काखेचा भाग उजेडात पाहावा.