किलोवॅट मोजून फायबर लेझर घेताय? या चुका टाळा

फायबर लेझरचं, म्हणजे लेझरने पत्रा कापणाऱ्या मशीनचं, कोटेशन हातात पडलं की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती एमएम कापेल?’ डीलरचं उत्तरही ठरलेलं. ३ किलोवॅटला एमएस (साधं लोखंड) २० एमएम, एसएस (स्टेनलेस स्टील) १० एमएम. दोघेही खूश. पण हा आकडा म्हणजे पत्रा कसाबसा आरपार होण्याची मर्यादा. त्या जाडीला कड खडबडीत येते, खाली स्लॅग (वितळून थिजलेला धातू) लोंबतो, नुसत्या पिअर्सिंगलाच (कट सुरू करायच्या पहिल्या भोकालाच) वेळ जातो आणि नोझल (लेझर आणि गॅस सोडणारं तोंड) जरा सरकलं तरी जॉब भंगारात. दोन शिफ्ट चालवून, ग्राइंडर न लावता गिऱ्हाइकाला देता येईल असा माल काढायचा असेल, तर ब्रोशरमधल्या जाडीच्या साठ-सत्तर टक्क्यांवरच हिशोब धरा.

त्यापेक्षा गेल्या सहा महिन्यांची चलनं काढून बसा. कुठल्या जाडीचा पत्रा सगळ्यात जास्त गेला? भोसरी-चाकणला पॅनेल आणि ब्रॅकेटचं काम करणाऱ्यांकडे बहुतेक वेळा १ ते ४ एमएमच निघतं. वर्षातून दोनदा २५ एमएमची बेसप्लेट येते म्हणून त्यासाठी सोर्स (लेझर तयार करणारा भाग) मोठा घ्यायचा, हा व्यवहार जमत नाही. ती प्लेट बाहेर जॉबवर्कला द्या. आणि पातळ पत्र्यात बारीक भोकं भरपूर असतील तर वेग सोर्स ठरवतच नाही, मशीनचं गॅन्ट्री (कटिंग हेड फिरवणारी चौकट) किती चटकन वळतं ते ठरवतं. तिथे जास्तीचे किलोवॅट नुसते बसून राहतात.

किलोवॅट दुप्पट केले की वेग दुप्पट होतो, हा दुसरा गोड गैरसमज. जाड एमएस ऑक्सिजनवर कापताना बरंचसं काम लोखंड स्वतः जळून करतं. प्रेशर १ बारच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं आणि वेगाला मर्यादा त्या जळण्याची असते. पॉवर नुसती वाढवत गेलात तर कोपरे वितळतात, बारीक भोकं फाटतात. एसएस आणि ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी. तिथे नायट्रोजन १० ते २० बारने वितळलेला धातू बाहेर फेकतो, जळणं नाहीच, त्यामुळे पॉवर वाढली की वेग खरंच वाढतो. म्हणजे एसएसवाल्याला मोठा सोर्स परवडू शकतो, फक्त नायट्रोजनचं बिल आधी मांडून बघा. एअर कटिंगने ते वाचतं, पण कंप्रेसरच्या हवेत तेल किंवा पाणी आलं की पहिली बळी प्रोटेक्शन ग्लास, म्हणजे हेडमधल्या लेन्सपुढची काच. ड्रायर आणि फिल्टरवर काटकसर करू नका.

कोटेशनमध्ये ब्रँड असतो, वॅट असतात, पण फायबरच्या कोरची (प्रकाश वाहणाऱ्या मधल्या तंतूची) जाडी क्वचितच असते. ती मागून घ्या. ५० मायक्रॉनचा कोर असेल आणि हेडमध्ये १०० एमएमचा कोलिमेटर (प्रकाश समांतर करणारी लेन्स) व १५० एमएमची फोकस लेन्स असेल, तर पत्र्यावरचा ठिपका दीडपट, म्हणजे ७५ मायक्रॉनचा पडतो. पातळ पत्रा त्याने सुरीसारखा कापतो. त्याच हेडवर १०० मायक्रॉनचा कोर दिला तर ठिपका १५० मायक्रॉनचा होतो, फट रुंद होते आणि जाड प्लेटमधला स्लॅग खाली उतरायला जागा मिळते. एकाच किलोवॅटची दोन मशीनं एवढी वेगळी का वागतात, याचं कारण पुष्कळदा इथे सापडतं.

सोर्स कुठल्या कंपनीचा, आयपीजी, रेकस की मॅक्स, यावर चहाच्या टपरीवर तासभर वाद घालता येतो. माझ्या मते त्याआधी विचारायचा प्रश्न असा: सोर्स बंद पडला तर तो उघडणार कुठे, आणि तोवर मी काय चालवू? सोर्स जागेवर क्वचितच दुरुस्त होतो. तो पेटीत भरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातो.

मार्किंगचं गणित निराळं

कटिंगचा सोर्स सलग प्रकाश देतो. मार्किंगचा, म्हणजे धातूवर नंबर किंवा खूण उमटवणारा, ठोके देतो. कटिंग मशीनवर कमी पॉवरने पार्ट नंबर ओढता येतो, पण बेअरिंगवर किंवा शाफ्टवर बारीक डेटा मॅट्रिक्स (ठिपक्यांचा चौकोनी कोड) हवा असेल तर वेगळं मार्किंग मशीनच लागतं. तिथे वॅटचा आकडा निम्मीच गोष्ट सांगतो. २० वॅटचा सोर्स २० किलोहर्ट्झवर चालवला तर प्रत्येक ठोक्यात १ मिलिज्यूल ऊर्जा येते. हा ठोका १०० नॅनोसेकंदांचा असेल तर त्या क्षणापुरती ताकद भरते १० किलोवॅट. स्टीलवर नंबर, लोगो, कोड टाकायला एवढं बास आहे. खोल कोरीव काम रोजचं असेल तरच ५० वॅटकडे वळा.

मार्किंग सोर्सचे दोन प्रकार दिसतात, क्यू-स्विच आणि मोपा. क्यू-स्विच सोर्समध्ये ठोक्याची लांबी जवळपास ठरलेली असते, मोपामध्ये ती काही नॅनोसेकंदांपासून काहीशे नॅनोसेकंदांपर्यंत बदलता येते. ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमवर काळीभोर अक्षरं किंवा एसएसवर रंग हवे असतील तर मोपाच सोयीचा. नुसते सिरीयल नंबर टाकायचे असतील तर मोपाचे जास्तीचे पैसे वाया. आणि पारदर्शक ॲक्रिलिक किंवा लाकडासाठी फायबर घेऊच नका, १०६४ नॅनोमीटरचा हा प्रकाश तिथे नीट शोषलाच जात नाही.

‘सोर्सचा दम गेला’ ही तक्रार मार्किंगमध्ये फार ऐकू येते. खोलात गेलं की कळतं, मोठा जॉब आला म्हणून ११० एमएम फील्डची (एवढ्या चौकोनात मार्क करणारी) लेन्स काढून ३०० ची लावलेली असते. फोकल लांबी साधारण १६० वरून ४२० वर गेली, ठिपक्याचं क्षेत्रफळ जवळपास सातपट झालं, तेवढीच ऊर्जा पसरली. सोर्स ठणठणीत असतो.

पावसाळ्यातलं पाणी

कटिंग सोर्स अकाली मरण्यामागे बऱ्याचदा चिलरचा (सोर्समध्ये गार पाणी फिरवणाऱ्या यंत्राचा) हात असतो आणि आपल्याकडे ते जून ते सप्टेंबरमध्ये घडतं. तळोज्याला किंवा महाडला जुलैत शेडमध्ये ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं) येतो २७ अंशांवर. चिलरचं पाणी मात्र उन्हाळ्यात कुणीतरी २२ वर लावून ठेवलेलं. मग सोर्सच्या आतल्या कूलिंग प्लेटवर, फायबरच्या टोकाला क्यूबीएच कनेक्टरच्या काचेवर बारीक दव धरतं. बाहेरून काही दिसत नाही. लेझर चालू केला की त्या थेंबाच्या जागी काळा डाग पडतो आणि तो डागच पुढे सगळं जाळत जातो.

म्हणून शेडमध्ये एक साधं तापमान-आर्द्रता मीटर टांगा. पाण्याचं तापमान सोर्सच्या मॅन्युअलने दिलेल्या मर्यादेत राहून दवबिंदूच्या वर ठेवा. मर्यादा अपुरी पडत असेल तर सोर्सला बंद, एसी असलेली केबिन करा. सकाळी आधी एसी, अर्ध्या तासाने चिलर, मग सोर्स. रात्री एसी बंद करून चिलर चालू ठेवणं सगळ्यात वाईट, कारण गार नळ्यांवर दमट हवा येऊन बसते. बोअरचं पाणी चिलरमध्ये कधीच नको.

सोर्सला दोष देण्याआधी

कट आरपार जात नाही म्हटल्यावर ऑपरेटर पॉवर वाढवतो, मग वेग कमी करतो, मग मालकाला सांगतो, ‘सोर्स गेला.’ उलटा क्रम लावा. आधी प्रोटेक्शन ग्लास काढून उजेडात तिरकी धरा. टाचणीच्या डोक्याएवढा डाग पुरतो. मग नोझलच्या तोंडाला सेलोटेप चिकटवा, एक छोटा शॉट मारा, टेप काढून बघा. भोक नोझलच्या वर्तुळात मधोमध नसेल तर कटच्या एका बाजूला बर (धातूचा धारदार कंगोरा) आणि दुसरी बाजू स्वच्छ येणारच. त्यानंतर गॅस. एसएसची कड पिवळट-तपकिरी आली तर नायट्रोजनची शुद्धता किंवा गळती बघा.

एक लक्षण नीट ध्यानात ठेवा. सकाळी पहिला अर्धा तास कट सुरेख येतो आणि नंतर बिघडत जातो. हे बहुधा घाण लेन्सचं असतं. ती तापते, फोकस सरकतो. गार झाली की पुन्हा ठीक. सोर्स खरंच उतरला असेल तर पहिल्या मिनिटापासून कमी पडतो आणि पॉवर मीटरवर ते दिसतं. मीटर लावल्याशिवाय सोर्स पेटीत भरू नका.

तांबं, पितळ, चांदी कापणार असाल तर हे आधीच सांगा. हे धातू प्रकाश उलटा फेकतात आणि तो फायबरमधून सोर्समध्ये परत जातो. बसबारचं (वीज वाहणाऱ्या तांब्याच्या पट्टीचं) काम असो किंवा कोल्हापूरजवळच्या हुपरीतलं चांदीचं, सोर्सला उलट परावर्तनापासून काय संरक्षण आहे ते लेखी घ्या. त्याचा अलार्म वाजला की रिसेट करून पुढे रेटू नका. पिअर्सिंग अपुरं राहून वितळलेला चकचकीत खड्डा बनतो तेव्हा धोका सर्वाधिक.

विजेचाही हिशोब चुकतो. ३ किलोवॅटचा सोर्स एकटाच ९-१० किलोवॅट ओढतो. त्यात चिलर, सर्व्हो, धुराचा पंखा, कंप्रेसर धरा आणि महावितरणचा मंजूर भार त्याप्रमाणे आधी बदलून घ्या. अर्थिंग वेगळं हवं.

जुन्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड लेझर) मशीनचं ॲक्रिलिक कव्हर किंवा गॉगल फायबरला चालत नाही. १ मायक्रॉनचा प्रकाश त्यातून सरळ डोळ्यापर्यंत येतो, दिसत नाही आणि पडदा जाळतो. १०६४ ते १०८० नॅनोमीटर असं छापलेलाच गॉगल घ्या.

पैसे देण्याआधी सोर्सचा सिरीयल नंबर कंपनीकडून पडताळा, वॉरंटी मशीनची किती आणि सोर्सची किती ते वेगवेगळं लिहून घ्या, कंट्रोलरमध्ये मुदतीचा कोड (ठरावीक दिवसांनी मशीन थांबवणारा) असेल तर तो कधी निघणार तेही. डेमोला स्वतःचा पत्रा घेऊन जा, गंजाचा थोडा थर असलेला, रोज येतो तसा. आणि एकच नमुना कापून समाधान मानू नका, तासभर सलग चालवायला सांगा.