आधी पिशवी ओता, मग सल्ला घ्या

औषधांच्या खिडकीमागे उभं राहण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. मी रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. आमच्या कामात एक जुनी पद्धत आहे: घरात जे जे घेता ते सगळं एका पिशवीत भरून आणा असं रुग्णाला सांगायचं आणि ती पिशवी टेबलावर ओतायची. चिठ्ठीवरच्या गोळ्या, शेजाऱ्याने दिलेली पूड, केसांसाठीच्या कॅप्सूल, अर्धवट उरलेलं खोकल्याचं औषध, सगळं. वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या वेळी दिलेल्या गोळ्या तिथे पहिल्यांदा शेजारी शेजारी येतात. मग दिसतं की सर्दीची, अंगदुखीची आणि डोकेदुखीची, अशा तिन्ही पाकिटांत पॅरासिटामॉलच आहे. निरोगी प्रौढानेही ते दिवसभरात ४ ग्रॅमच्या वर घेऊ नये. तिन्ही पाकिटांवरच्या सूचना इमानदारीत पाळणारा माणूस ही मर्यादा सहज ओलांडतो आणि त्याचा भार यकृतावर पडतो. प्रत्येक गोळी आपापल्या जागी बरोबर असते, बेरीज मात्र कुणी केलेली नसते.

आरोग्याच्या आणि स्वतःला सुधारण्याच्या सल्ल्यांचंही तसंच आहे. पहाटे उठा, दहा हजार पावलं चाला, अमुक जीवनसत्त्व घ्या, सोळा तास उपाशी राहा, रात्री ध्यान करा. एकेक वाचला की पटतो. पण तुमच्या अंगात आणि तुमच्या दिवसात आधीपासून काय काय चालू आहे, हे सांगणाऱ्याला ठाऊक नसतं. ती बेरीज आपली आपल्यालाच करावी लागते. मी लोकांना ती कशी करायला लावते, ते लिहिते.

एक कागद घ्या. मोबाइलवरही चालेल, पण कागद डॉक्टरांपुढे ठेवायला बरा पडतो. जे जे घेता ते वेळेसकट लिहा. ज्याला आपण औषध म्हणत नाही ते लोक हमखास गाळतात: गर्भनिरोधक गोळी, डोळ्यांचे थेंब, मलम, इन्हेलर, मद्य, कॉफी, सिगरेट. कॉफी-सिगरेट कशाला, असं बरेच जण विचारतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

रक्तातलं कॅफिन निम्म्यावर यायला प्रौढ माणसात साधारण पाच तास लागतात. गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर हा वेळ जवळपास दुप्पट होतो. सिगरेट ओढणाऱ्यांत उलट घडतं. धुरातले घटक यकृताला कॅफिन भराभर निकालात काढायला लावतात. आता एखाद्याने सिगरेट सोडली आणि कॉफी होती तेवढीच ठेवली, तर थोड्याच दिवसांत तेवढ्याच कपांमधून रक्तात जास्त कॅफिन साठायला लागतं. माणूस चिडचिडा होतो, हात थरथरतात, झोप उडते. तो सगळा दोष सिगरेट सुटण्यावर ढकलतो आणि पुन्हा पेटवतो. सिगरेट सोडा हा सल्ला उत्तमच होता. त्यासोबत कॉफीही कमी करा, एवढं जोडून सांगणारं कुणी नव्हतं.

यादी झाली की नवा सल्ला तिच्याशेजारी ठेवून बघा. काही जोड्या मी इतक्यांदा पाहते की झोपेतही सांगेन. रक्तदाबासाठी सोडियम कमी करा म्हणून लोक 'कमी सोडियमचं मीठ' आणतात. त्यात सोडियमच्या जागी बऱ्याचदा पोटॅशियम असतं. मूत्रपिंड अधू असेल, किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर तेच पोटॅशियम रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. हाडांसाठी कॅल्शियम चांगलं, पण थायरॉइडच्या गोळीसोबत घेतलं तर ती गोळी नीट शोषली जात नाही. दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवायचं. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने सोळा तासांचा उपास मनाने सुरू केला तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

केसांच्या कॅप्सूलमधलं बायोटिन तर भलताच खोडकर पदार्थ आहे. मोठ्या मात्रेत घेतलं तर ते काही रक्ततपासण्यांचे आकडेच खोटे पाडतं. थायरॉइडची तपासणी त्यात येते, आणि हृदयविकाराच्या झटक्यात करतात ती ट्रोपोनिनचीही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. म्हणून रक्त द्यायला जाताना केसांच्या कॅप्सूलचंही नाव घ्या. लाजायचं काही कारण नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. सल्ला लागू पडला तरी हिशेब बदलतो. वजन उतरलं, मीठ कमी झालं, चालणं वाढलं की रक्तदाब खाली येतो. गोळी मात्र जुन्या रक्तदाबाच्या मापाची असते. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली तर अशक्तपणा आला म्हणून ताकदीच्या गोळ्या मागू नका. रक्तदाब मोजा आणि डोस कमी करायचा का, ते डॉक्टरांना विचारा.

मग कागदाची दुसरी बाजू. तिथे चोवीस तास लिहा. झोप, काम, प्रवास, घरातलं, आणि कुणाला सांभाळायचं असेल तर तेही. नव्या सवयीला वेळ हवा असतो आणि तो कुठून तरी काढावाच लागतो. पहाटे पाचला उठून व्यायाम करायचा आणि झोपायची वेळ मात्र बाराचीच ठेवायची, तर तो व्यायाम झोपेतून कापलेला आहे. प्रौढाला किमान सात तास झोप हवी. माझं मत विचाराल तर अशा माणसाने आधी झोपायची वेळ सुधारावी. तोवर व्यायाम संध्याकाळी करा, थोडा थोडा करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. तो पहाटेच हवा असं त्यात कुठेही नाही.

आकडा दिसला की तो आला कुठून, हेही विचारायची सवय लावून घ्या. दहा हजार पावलांचा आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावलं मोजण्याच्या एका यंत्रामुळे पसरला. यंत्राचं नावच त्या आकड्यावरून ठेवलं होतं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षं वयाच्या स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या आसपास हा फरक वाढायचा थांबला. दहा हजार वाईट असं मी म्हणत नाही. पण चार हजारांवर दमणाऱ्या आजीने 'आपलं काही खरं नाही' म्हणून चालणंच सोडावं, असं त्या आकड्यात काही नाही.

एकवीस दिवसांत सवय लागते, हेही तसलंच. १९६० च्या एका पुस्तकात एका प्लास्टिक सर्जनने लिहिलं की शस्त्रक्रियेनंतरच्या नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात. त्यातलं 'किमान' वाटेतच गळालं. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांच्या सवयींचा माग ठेवला, तेव्हा वेळ १८ ते २५४ दिवस इतका पसरलेला निघाला. मधला आकडा होता ६६. अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. बाविसाव्या दिवशी स्वतःला आळशी ठरवणाऱ्यांनी एवढं वाचावं.

आणि तो आकडा कुणावर तपासला, तेही बघा. गाजरासारख्या भाज्यांत असणाऱ्या, शरीरात 'अ' जीवनसत्त्व बनणाऱ्या बीटा-कॅरोटिनने कर्करोग टळेल असं एके काळी जाणत्या लोकांनाही वाटत होतं, कारण ते आहारातून भरपूर घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसत होता. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निष्कर्ष आला की बीटा-कॅरोटिनची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त होता. पदार्थ तोच, पण तो गोळीतून, मोठ्या मात्रेत आणि धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरात गेला. जीवनसत्त्वाच्या बाटलीवर 'नैसर्गिक' वाचून निर्धास्त होणाऱ्यांना मी हे ऐकवते, मग तोंडं पडली तरी चालतील.

एवढी चाळणी लावून जो सल्ला उरेल तो एका वेळी एकच करून पाहा. तीन गोष्टी एकदम सुरू केल्या की कशाने बरं वाटलं ते कळत नाही, आणि पुरळ उठलं तर कशाने उठलं तेही नाही. सुरू करायच्या आधीचे दोन आठवडे रोज एक ओळ लिहा: झोप किती, दुखणं दहापैकी किती, मन कसं. हे आधीच का? आपण उपाय शोधतो तो त्रास अगदी टोकाला गेल्यावर. टोकाला गेलेलं दुखणं बऱ्याचदा आपसूकच थोडं उतरतं, आणि श्रेय त्या दिवशी तोंडात असलेल्या गोळीला मिळतं. सर्दी तर बहुतेकदा आठवडा-दहा दिवसांत काही न करताही जाते. थांबायची तारीखही पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. तोवर फरक पडला नाही तर ती गोष्ट यादीतून काढून टाका. वाढवत नेणं सोपं असतं. पिशव्या जड होतात त्या काढायचं राहून गेल्याने.

अर्थात काही ठिकाणी हे सगळं बाजूला ठेवायचं. छातीत दाब, एका बाजूचा हात किंवा चेहरा अचानक लुळा पडणं, उलटीतून किंवा शौचातून रक्त, विनाकारण झपाट्याने उतरणारं वजन, जीव द्यावासा वाटणं, यांत वही काढून बसू नका. तडक दवाखाना गाठा.

काढून टाकण्यातही भान ठेवा. केसांची कॅप्सूल, ताकदीची पूड तुम्ही उद्यापासून बंद करू शकता. स्टेरॉइडच्या गोळ्या, फिटचं औषध, बीटा-ब्लॉकर (हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा एक प्रकार), नैराश्याच्या आणि झोपेच्या गोळ्या मात्र बरं वाटतंय म्हणून एकदम थांबवायच्या नाहीत. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवाव्या लागतात. कागदावर अशा औषधांसमोर लाल पेनाने खूण करून ठेवा, म्हणजे यादी आवरण्याच्या उत्साहात ती कटणार नाहीत.