ब्रेक पेडल दगडासारखं झालंय? हायड्रॉलिक बूस्टर असा तपासा

आधी तुमच्या गाडीत कोणता बूस्टर (पेडलवरच्या पायाच्या जोराला मदत करणारा भाग) आहे ते पाहा. बॉनेट उघडल्यावर ड्रायव्हरसमोर फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) पत्र्याचा मोठा गोल डबा दिसला आणि त्याला इंजिनाकडून जाड नळी आली असेल, तर तो व्हॅक्यूम बूस्टर. हा लेख त्याच्यासाठी नाही. तिथे आटोपशीर लोखंडी ठोकळा असेल आणि त्यात पॉवर स्टीअरिंगच्या पंपाकडून प्रेशरचे पाइप शिरत असतील, तर तो हायड्रॉलिक. 1996 ते 2004 या काळातल्या व्ही-8 इंजिनाच्या फोर्ड मस्टँगमध्ये हाच आहे. बीएमडब्ल्यूच्या जुन्या 635 सीएसआयमध्येही ब्रेकला स्टीअरिंगच्या पंपाकडूनच जोर मिळतो. मुंबईत या गाड्या मोजक्याच असल्याने बहुतेक मेकॅनिकांचा हात व्हॅक्यूमवर बसलेला असतो. ते नसलेली व्हॅक्यूमची नळी शोधत बसतात आणि शेवटी मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) बदलून देतात.

एक गोष्ट आत्ताच पक्की करा. बूस्टर खराब झाला की पेडल कडक होतं, मऊ होत नाही. पेडल स्पंजासारखं लागत असेल तर ब्रेकच्या लाइनमध्ये हवा आहे. पाय ठेवून धरल्यावर ते हळूहळू खाली बसत असेल तर मास्टर सिलिंडर पाहा. या दोन्ही तक्रारींसाठी बूस्टर काढणं म्हणजे पैसे पाण्यात.

पंपाचा पट्टा, स्टीअरिंग आणि ब्रेक या दोन्ही ऑइलच्या पातळ्या आणि पाइपांचे जोड पाहून घ्या. स्टीअरिंगच्या ऑइलवर फेस असेल किंवा ते दुधाळ दिसत असेल तर इथेच थांबा. आधी हवा काढा (ते शेवटी सांगितलंय), तोवर पुढच्या कुठल्याही चाचणीवर विश्वास ठेवू नका.

पहिली चाचणी दोन मिनिटांची. इंजिन बंद ठेवून पेडल दहा-बारा वेळा पूर्ण दाबा म्हणजे साठलेला दाब संपेल. पेडल कडक झालं की मध्यम जोराने दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली जाऊन पायाला उलटं ढकललं, तर पंपाचा दाब बूस्टरपर्यंत पोचतोय. काहीच हललं नाही, तर दोष पंपात किंवा बूस्टरमध्ये. इंजिन बंद असताना इतक्या वेळा दाबल्यावर पेडल कडक होणं मात्र अगदी बरोबर आहे. ते बघून ‘बूस्टर गेला’ म्हणणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका.

ॲक्युम्युलेटर: इथे घाई केलीत की फसलात

बूस्टरला जोडलेला ॲक्युम्युलेटर दाबाखालचं ऑइल साठवतो. इंजिन अचानक बंद पडलं, पट्टा तुटला किंवा पाइप फुटला, तर हा साठा दोन-तीन वेळा तरी जोरदार ब्रेक लावू देतो. त्यानंतर ब्रेक लागतात, पण सगळा जोर तुमच्या पायाचा. म्हणजे रोजच्या चालवण्यात ॲक्युम्युलेटर मेलेला असला तरी काही जाणवत नाही, कारण पंप चालू असतो. तो मेलाय हे कळतं ते नेमकं नको त्या वेळी.

मला ते केम्प्स कॉर्नरच्या उतारावर कळलं. गाडी मित्राची, मस्टँग जीटी. मी स्वतः तपासून दिली होती: इंजिन चालवलं, बंद केलं, लगेच पेडल दाबलं, तीन वेळा मऊ लागलं, मी ‘ठीक आहे’ म्हणालो. चार दिवसांनी मीच ती चालवत होतो. इंजिन आधीपासून आयडलवर अडखळत होतं. उताराच्या तोंडाशी रांगेत उभं राहून वैतागल्यामुळे मी ते बंद केलं होतं. बराच वेळ तसाच गेला. रांग हलली तेव्हा नुसता ब्रेक सोडून गाडी घरंगळू दिली आणि पुढच्या टॅक्सीमागे थांबायला पेडल दाबलं, तर पहिल्याच दाबाला दगड. दोन्ही पाय पेडलवर घालून आणि हँडब्रेक ओढून ती थांबली. टॅक्सीत मागे एक आजी बसल्या होत्या. त्यांचा पांढरा अंबाडा मला अजून दिसतो. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणं ही माझी पहिली चूक, आणि ती तुम्ही कुठल्याही गाडीत करू नका. दुसरी चूक चाचणीतली होती.

चूक अशी की मी अर्धीच चाचणी केली होती. ती दोन भागांत करायची असते आणि दोन्ही भाग वेगळं सांगतात.

पहिला भाग: इंजिन चालू करा, स्टीअरिंग हळूहळू एका टोकापर्यंत फिरवा आणि तिथे जास्तीत जास्त पाच सेकंद धरा. त्याहून जास्त धरलंत तर पंप तापतो. ॲक्युम्युलेटर भरताना बारीक ‘स्स’ असा आवाज येऊ शकतो, तो चांगला. स्टीअरिंग सरळ करा, इंजिन बंद करा, लगेच पेडल दाबा. दोन-तीन दाब हलके लागले तर ॲक्युम्युलेटर दाब घेतोय. पहिलाच कडक असेल तर तो भरतच नाहीये, त्यातला दाब धरून ठेवणारा गॅस गेला आहे.

दुसरा भाग: पुन्हा तसंच भरा, इंजिन बंद करा आणि एक तास थांबा. पूर्ण तास. चहा पिऊन या, जेवून या, पण कुणालाही त्या पेडलला हात किंवा पाय लावू देऊ नका. दार उघडून ‘बघू तरी’ म्हणत एकदा दाबलंत तर चाचणी पहिल्यापासून. तासाभराने इंजिन चालू न करता दाबा. दोन-तीन दाब हलके लागायला हवेत. लगेच केलेल्या चाचणीत पास आणि तासानंतर नापास, तर साठलेला दाब बूस्टरच्या आतल्या झडपांमधून गळतोय, मग बूस्टर उघडावा किंवा बदलावा लागणार. मित्राच्या गाडीत हेच होतं. बाहेर थेंबही नव्हता, म्हणून मला ते पाहून कळणं शक्यच नव्हतं.

गॅरेजवाले हा तास टाळतात. जागा नसते, गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं, ते समजू शकतो. पण तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तास फुकट आहे. ही चाचणी तिथेच करा. गाडी घेऊन ईस्टर्न फ्रीवेवर किंवा कोस्टल रोडवर ‘जरा ब्रेक मारून बघतो’ हा प्रकार मला अजिबात मान्य नाही.

आणि हे नीट ऐका: ॲक्युम्युलेटरच्या आत प्रचंड दाब असतो. कुठलाही पाइप सैल करण्याआधी इंजिन बंद ठेवून पेडल वीस वेळा दाबून साठा संपवा. काढलेल्या ॲक्युम्युलेटरला ड्रिल, गॅसकटर, हातोडा लावायचा नाही आणि तो तसाच भंगारवाल्याला द्यायचा नाही. तो कापणाऱ्या पोराला आत काय आहे ते माहीत नसतं.

दोष पंपाचा की बूस्टरचा

स्टीअरिंगही जड असेल तर आधी पट्टा आणि पंप. स्टीअरिंग हलकं आणि ब्रेक कडक असेल तर संशय बूस्टरवर. पण पंपाचं ऑइल आधी बूस्टरमधून आणि मग स्टीअरिंगकडे जातं, त्यामुळे बूस्टरमधली झडप अडकली तर स्टीअरिंगही बिघडू शकतं. दोन्ही जड असतील तर अंदाज बांधू नका, पंपाच्या बाहेर प्रेशर गेज लावून घ्या. तो लावणारा माणूस मिळेपर्यंत काही विकत घेऊ नका, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा जुना बूस्टर तर नाहीच. वर्षानुवर्षं कोरडा पडलेल्या बूस्टरची सीलं वाळलेली असतात आणि तो दिसायला छान दिसतो.

ब्रेक आपोआप लागत असतील किंवा पाय काढल्यावर पेडल रेंगाळत वर येत असेल, तर बूस्टरआधी परतीचा पाइप (बूस्टरमधलं ऑइल परत पंपाच्या डब्यात नेणारा) पाहा. इंजिनाचं काम झाल्यावर तो कुठे चिमटलेला असू शकतो. एकदा त्याच एका चिमट्यासाठी कुणीतरी नवा बूस्टर मागवला होता आणि गाडी माझ्याकडे आली तेव्हा तक्रार जशीच्या तशी होती.

गळती रंगावरून ओळखा. मस्टँगच्या स्टीअरिंगमध्ये ट्रान्समिशनचं लाल ऑइल असतं, ब्रेक ऑइल फिकट पिवळं. मास्टर सिलिंडर आणि बूस्टरच्या जोडावर लाल दिसलं तर बूस्टरचं सील, पिवळसर दिसलं तर मास्टर सिलिंडरचं. ड्रायव्हरच्या पायाजवळच्या मॅटवर लाल डाग असेल तर बूस्टरचं पेडलकडचं सील गेलंय. दोन्ही डब्यांची झाकणं एकाच वेळी उघडी ठेवू नका. लाल ऑइलचा एक घोट ब्रेकच्या डब्यात गेला, तर ब्रेकची रबरी सीलं फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून चाकांपर्यंत सगळं बदलावं लागतं.

काम झाल्यावर हवा काढा. पुढची चाकं स्टँडवर उचला, डबा भरा, इंजिन चालू न करता स्टीअरिंग दहा-पंधरा वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा, पातळी भरा. मग इंजिन चालू करून स्टीअरिंग फिरवत पेडल हळू दाबत राहा. फेस दिसला की बंद करून तासभर राहू द्या आणि पुन्हा करा. पंप कण्हायचा थांबेपर्यंत हे चालतं.

मग तासाची चाचणी पुन्हा, आणि रात्री बूस्टरखाली जमिनीवर कोरा पुठ्ठा.