मलेशियात नव्याने येणाऱ्यांसाठी: ओळखी जेवणाच्या टेबलावर होतात

क्वालालंपूरला शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी येणारा मराठी माणूस व्हिसा, भाडेकरार आणि अनामत रकमेची चौकशी करून येतो. इथल्या माणसांत मिसळायचे कसे, याचा विचार मात्र सहसा मागे पडतो. मलय, चिनी आणि भारतीय वंशाच्या मलेशियन लोकांचे धर्म आणि सण वेगळे असले, तरी रोजच्या काही सवयी सगळ्यांच्या सारख्याच अंगवळणी पडलेल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक खाण्यापाशी येऊन मिळतात.

‘सुदा माकान?’, म्हणजे ‘जेवलात का?’, हा प्रश्न इथे नमस्कारासारखा विचारला जातो. आपल्याला ही विचारपूस परकी वाटत नाही. तिला ‘सुदा’ एवढेच उत्तर पुरते.

ओळखी वाढवायच्या असतील तर सहकाऱ्यांबरोबर ‘मामाक’मध्ये जाणे टाळू नये. तमिळ मुस्लिमांनी चालवलेली ही उपाहारगृहे रात्री उशिरापर्यंत, काही तर चोवीस तास उघडी असतात, आणि फुटबॉलचा सामना असला की सगळ्या समाजांची माणसे एकाच पडद्यासमोर बसतात. एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतून फेसाळलेला ‘तेह तारिक’ हा चहा कंडेन्स्ड दुधामुळे बराच गोड असतो. साखर कमी हवी असल्यास ‘कुरांग मानिस’ असे सांगावे. वेटरला ‘बॉस’ म्हणण्यात उद्धटपणा नाही, उलट तीच रूढ हाक आहे, आणि निघताना ‘बॉस, कीरा!’ म्हटले की तो टेबलाशी येऊन हिशेब करतो. एकाने सर्वांचे पैसे देण्याला ‘बलांजा’ म्हणतात. आज कोणी आपल्याला चहा पाजला, तर पुढच्या वेळी आपण पैसे काढावेत, हे कोणी सांगत नाही, पण ते गृहीत धरलेले असते. नासी लमाक (नारळाच्या दुधात शिजवलेला भात), रोती चनाई (पराठ्यासारखी पोळी) आणि तेह तारिक यांभोवतीच्या न्याहारीच्या संस्कृतीला युनेस्कोने 2024 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, याचे इथे राहणाऱ्याला नवल वाटत नाही.

शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: ‘सायुर’ म्हणजे भाजी, पण त्या भाजीत सुक्या कोळंबीचे वाटण किंवा बारीक सुकी मासळी असू शकते, आणि नासी लमाकबरोबरच्या सांबालात (मिरचीच्या चटणीत) तर ती बहुधा असतेच. चिनी शाकाहारी उपाहारगृहे आणि क्वालालंपूरच्या ब्रिकफील्ड्स या भारतीय वस्तीच्या भागातील केळीच्या पानावरच्या खाणावळी अधिक खात्रीच्या.

बाकीचे शिष्टाचार थोडक्यात सांगता येतील. घरात शिरताना चप्पल बाहेर काढावी, वस्तू उजव्या हाताने द्यावी, आणि दिशा दाखवताना तर्जनी रोखण्याऐवजी मूठ मिटून अंगठा पुढे करावा. मुस्लिम स्त्रीने (किंवा पुरुषाने) स्वतः हात पुढे केला तरच हस्तांदोलन करावे. एरवी छातीवर हात ठेवून किंचित झुकणे पुरते. शुक्रवारी दुपारी नमाजासाठी जेवणाची सुट्टी लांबते, त्यामुळे त्या वेळेत बैठक ठरवू नये.

सणांच्या दिवसांत ‘रुमा तरबुका’ असते, म्हणजे यजमान घर खुले ठेवून सर्व धर्मांच्या परिचितांना जेवायला बोलावतो. हारी राया (ईद), चिनी नववर्ष आणि दिवाळी या तिन्ही सणांना ही रीत पाळली जाते, आणि माझ्या मते नवख्याने चुकवू नये असे निमंत्रण हेच. जाताना फळे किंवा मिठाई न्यावी, मद्य नेऊ नये. दिवाळीला आपणच यजमान झालो, तर मुस्लिम पाहुण्यांना हलाल अन्न लागते आणि अनेक हिंदू व काही बौद्ध गोमांस खात नाहीत, हे दोन्ही सांभाळावे लागते. म्हणूनच कार्यालयीन मेजवानीत बहुधा कोंबडीच असते. मराठी घराला त्याहून सोपा मार्ग आहे: पुरी-भाजी, मसालेभात आणि श्रीखंड असा सगळा शाकाहारी बेत ठेवावा आणि तो तसा असल्याचे निमंत्रणातच कळवावे.