बासरीचा सूर फुसफुसतो तेव्हा

सूर नीट निघेना की बहुतेक जण आणखी जोरात फुंकतात. त्याने हवा वाढते, सूर वाढत नाही. ओठांतून निघणारा हवेचा पातळ पट्टा मुखरंध्राच्या, म्हणजे फुंकायच्या भोकाच्या, समोरच्या कडेवर आपटतो, तिथे आत-बाहेर डोलतो आणि त्या डोलण्याने नळीतली हवा कंप पावते. पट्टा जाड झाला, विस्कटला किंवा कडेला चुकवून गेला की उरते ती फुसफुस. म्हणून दुरुस्तीची जागा ओठांत आहे, छातीत नाही. पण कोकणात ओठांच्याही आधी वेळू तपासायला हवा, कारण चार महिन्यांची दमट हवा आणि त्यानंतरची कोरडी उन्हं यांत तो फुगतो, आकसतो आणि चिरतो.

तपासणी सोपी आहे. सहा स्वररंध्रांवर, आणि सातवं असेल तर त्यावरही, चिकटपट्टी लावा. खालचं टोक तळव्याने घट्ट दाबा. मुखरंध्र ओठांनी पूर्ण झाकून हळूच हवा ओढा. ओठ क्षणभर चिकटून राहिले तर नळी हवाबंद आहे. हवा येतच राहिली तर नळीच्या वरच्या टोकातलं, मुखरंध्राजवळचं बूच सैल झालंय किंवा कुठेतरी केसासारखी चीर गेली आहे. चिरेत पातळ, झटपट सुकणारा गोंद मुरवा आणि वरून बारीक नायलॉनच्या दोऱ्याचे घट्ट वेढे द्या. जाळं शिवायचा बारीक दोराही चालतो. वेढे रंध्रांच्या मधल्या जागेत घ्या, बोटांखाली दोरा येऊ देऊ नका. बूच मात्र सैल नसेल तर जागचं हलवू नका. ते सरकलं की मध्य आणि तार सप्तकांचं आपसातलं नातं बिघडतं.

आता ओठ. बासरी बाजूला ठेवा, तळहात तोंडासमोर वीतभर अंतरावर धरा आणि फुंका. हवा सगळ्या तळव्यावर पसरत असेल तर फट मोठी आहे. ओठांची फट तांदळाच्या दाण्याएवढी हवी: आडवी, चपटी, मध्यावर. ओठांचे कोपरे किंचित ताणलेले असावेत, मधला भाग मऊ. गाल फुगू देऊ नका.

मग मुखरंध्र खालच्या ओठाच्या कडेला टेकवा. साधारण पाव ते एक तृतीयांश रंध्र ओठाने झाकलं जावं. मधला सा, म्हणजे मुखरंध्राकडची तीन रंध्रं बंद, धरून ठेवा आणि बासरी अगदी सावकाश आत-बाहेर फिरवा. आत फिरवली की सूर उतरतो आणि कोंदट होतो. बाहेर फिरवली की चढतो आणि हवा मिसळते. या दोन टोकांच्या मध्ये एक जागा अशी येते की कमी फुंकरीतही सूर एकदम भरतो. त्या जागी शिसपेन्सिलीने मुखरंध्राशेजारी बारीक खूण करा आणि रोज आरशात पाहून तिथूनच सुरुवात करा. दमट हवेत हनुवटीला घाम येऊन बासरी घसरते आणि ही जागा नकळत सुटते. जवळ सुती पंचा ठेवा, दर पाच-सात मिनिटांनी ओठाखालची जागा पुसा.

खर्ज लागत नसेल तर दोष बऱ्याचदा फुंकरीचा नसून बोटांचा असतो. सा पासून एकेक बोट खाली टाकत जा: नि, ध, प. ज्या बोटाला सूर फुटतो, तिथे हवा गळते आहे. बहुधा ती उजव्या हाताची अनामिका निघते. पांढरी तीनसारख्या (पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीचा सूर हा जिचा सा) लांब, सुमारे 75 सेंटिमीटरच्या बासरीवर बोटाच्या शेंड्याने रंध्र झाकायचा हट्ट धरू नका. बोट सपाट ठेवून पेराचा मांसल भाग टाका. आणि दाबू नका! दाबलेलं बोट आखडतं, पुढच्या स्वराला उशीर होतो. शिकाऊ हातांना पांढरी पाच किंवा सहा बरी.

रियाजात पहिली 20 मिनिटं फक्त लांब सुरांना द्या. तानपुऱ्याचं ॲप लावा, सा धरा, 12 ते 15 सेकंद एकाच जाडीचा ठेवा. शेवटी सूर खाली घसरला तर श्वास संपताना ओठ सैल पडले. फट किंचित लहान करत न्या. नंतर मंद्र प (खालच्या सप्तकातला) आणि मध्य प (मधल्या सप्तकातला) आलटून पालटून घ्या. बोटं तीच, सहाही बंद. वर जाताना फुंकर ढकलू नका, ओठ थोडे पुढे आणून फट बारीक करा म्हणजे हवेचा वेग आपोआप वाढतो. वरचा प किंचाळला तर समजा, जोर लावला गेला. जागा निवडताना न्हाणीघर टाळा, घुमणुकीत फुसफुस लपते. माजघर उत्तम. पडवीत किंवा किनाऱ्यावर वाजवायचं तर वाऱ्याकडे पाठ करा. आडवा वारा हवेचा पट्टा कडेपर्यंत पोचूच देत नाही.

वाजवून झाल्यावर काडीला गुंडाळलेल्या मऊ कापडाने आतली वाफ पुसा आणि पंधरा-वीस मिनिटं सावलीत उघडी ठेवा. ओली बासरी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडली की श्रावणापर्यंत आत काळी बुरशी धरते, नळी खरखरीत होते आणि सूर मंदावतो. कापडी पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. चुलीवरच्या माळ्यावर ठेवण्याचा मोह टाळा, तिथे एका बाजूने तापून वेळू तडकतो. तेल वर्षातून दोनदा पुरे, पावसाआधी वैशाखात आणि नंतर कार्तिकात: मोहरीच्या तेलाचे दोन-तीन थेंब कापडावर घेऊन आतून पातळ हात फिरवा. ओलसर वेळूला तेल लावू नका, ओल आत अडकते. मुखरंध्राच्या कडेला तेल नको, पॉलिश पेपर तर कधीच नको. ती कड बोथट झाली की सुराची धार परत येत नाही.

गणपतीत भजनाला बसताना पेटीशी जुळवणं हा वेगळा प्रश्न. नळीतली हवा 5 अंशांनी तापली की सूर सुमारे 15 सेंट चढतो (सेंट म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). पेटी तेवढी हलत नाही. म्हणून बुवांनी सूर मागण्याआधी रंध्रं बंद करून दोन-तीन मिनिटं नळीत ऊन श्वास सोडा, मग जुळवा. थंडगार वातानुकूलित सभागृहात मधल्या गजरांमध्ये बासरी काखेत धरून ऊबदार ठेवा. उतरलेला सूर बाहेर फिरवून चढवता येतो, पण तेवढाच तो पातळही होतो.