कृपादाने आजही चालू आहेत का? या प्रश्नाचा अभ्यास कसा करावा

रोग बरे करणे, देवाकडून आलेला संदेश देणे, न शिकलेल्या अन्य भाषांत बोलणे ही कृपादाने, म्हणजे पवित्र आत्म्याने दिलेली सामर्थ्ये, प्रेषितांच्या (ख्रिस्ताने पाठवलेल्या पहिल्या साक्षीदारांच्या) काळाबरोबर संपली की आजही मंडळीला, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समुदायाला, मिळतात, याचा अभ्यास करणाऱ्याने आधी प्रश्न नेमका करून घ्यावा. देव आज आजाऱ्याला बरे करतो का, हा वाद नाही. दाने थांबली असे मानणारेही आजाऱ्यासाठी प्रार्थना करतात आणि तो बरा झाला की देवाचे उपकार मानतात. असे सामर्थ्य एखाद्या व्यक्तीला दान म्हणून दिले जाते का आणि तिच्या तोंडचा संदेश देवाचा मानावा का, एवढाच वाद आहे.

मग बायबलमधील, प्रेषित पौलाने करिंथ शहरातील मंडळीला लिहिलेल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचे 12 ते 14 अध्याय एका बैठकीत वाचावेत. सर्वांत जास्त वेळ 13:8-12 वर द्यावा, कारण संदेश आणि भाषा संपण्याची गोष्ट तिथे 'पूर्ण ते' येण्याशी जोडलेली आहे. 'पूर्ण' म्हणजे नव्या कराराचे (बायबलच्या दुसऱ्या भागाचे) पूर्ण झालेले लिखाण, असे काही जण सांगतात. मला हा अर्थ टिकणारा वाटत नाही, कारण लगेच पौल तोंडोतोंड पाहण्याविषयी बोलतो आणि ते ख्रिस्ताच्या पुनरागमनालाच लागू पडते. दाने थांबली या मताचा अधिक भक्कम आधार इफिसकरांस पत्रात, 2:20 मध्ये आहे: मंडळी प्रेषित व संदेष्टे यांच्या पायावर रचलेली आहे, आणि पाया एकदाच घातला जातो. यावर दुसऱ्या बाजूचा प्रश्न असा की, जे प्रेषित नव्हते त्या करिंथच्या साध्या विश्वासणाऱ्यांनाही ही दाने कशी मिळाली? या प्रश्नाला बगल देऊ नये.

इतिहासातून सोयीचे तेवढेच वेचू नये. दुसऱ्या शतकात बिशप इरेनियस या दानांची साक्ष देतो, तर चौथ्या शतकाच्या अखेरीस उपदेशक क्रिसोस्तोम ती थांबल्याचे सांगतो. आणि चमत्कारांचा काळ सरला असे आधी लिहिणाऱ्या धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीननेच उतारवयात आपल्या भोवती लोक बरे झाल्याच्या घटना नोंदवून ठेवल्या. लॉस एंजेलिसमधील 1906 च्या जागृतीनंतर, म्हणजे अन्य भाषांत बोलण्यावर भर देणाऱ्या प्रार्थनासभांच्या लाटेनंतर, हा वाद नव्याने पेटला.

जिथे ही दाने वापरली जातात, तिथे पौलाचेच नियम लावावेत: भाषांत बोलणारे दोघे किंवा फार तर तिघे, तेही एकामागून एक, अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्याने गप्प राहावे, आणि संदेशाची इतरांनी पारख करावी (14:27-29). पारख न करता धिक्कार करणे आणि पारख न करता स्वीकारणे, थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र (5:19-21) दोन्हींना आळा घालते.

मत कोणतेही ठरो, बऱ्या न झालेल्या माणसाला 'तुझा विश्वास कमी पडला' असे कधीही म्हणू नये आणि त्याचे औषध थांबवू नये. ज्या पौलाच्या हातून अनेक जण बरे झाले, त्यानेच आपला सहकारी त्रफिम याला मिलेत शहरात आजारी असताना मागे ठेवले होते.